डॅशबोर्डवर जादा चार्जिंग सॉकेट: भार, वायर, फ्यूज आणि अर्थ

बहुतेक लहान गाड्यांमध्ये पुढच्या बाजूला १२ व्होल्टचं एकच सॉकेट असतं. त्यात डॅशकॅम लावला की मोबाइलला जागा उरत नाही, आणि टायरमध्ये हवा भरायचा पंप चालवायचा तर दोन्ही काढावे लागतात. मग एकाची तीन तोंडं करणारा स्प्लिटर येतो. सॉकेट वाढली तरी मागची वायर आणि फ्यूज तेच राहतात, आणि खड्ड्यातून जाताना स्प्लिटरची पिन हलून गरम होते ती वेगळीच. वेगळी लाइन ओढून नीट दुसरं सॉकेट बसवणं हाच खरा उपाय. हत्यारं जवळ असली तर काम अर्ध्या दिवसाचं आहे.

डॅशबोर्डला भोक पाडणं हा यातला सोपा भाग. बिघाड होतात ते वीज कुठून घेतली, कोणत्या वायरने आणली आणि अर्थ (गाडीच्या पत्र्याला जोडायची परतीची वायर) कुठे दिला, या तीन ठिकाणी. म्हणून सॉकेट विकत घ्यायच्या आधी त्यावर काय चालवणार हे ठरवा. पुढचं सगळं त्या एका आकड्यावर ठरतं.

भार किती?

उपकरणावर लिहिलेल्या वॉटला १२ ने भागलं की अँपिअर मिळतात. चार्जर स्वतः थोडी वीज खातो, तेवढी वर धरायची. १८ वॉटचा फास्ट चार्जर दोन अँपिअरच्या आत राहतो. लॅपटॉप चालवणारा ४५ वॉटचा टाइप-सी चार्जर चार-साडेचार अँपिअर घेतो. डॅशकॅमला साधारण अर्ध्या अँपिअरच्या आत भागतं. हवा भरायच्या पंपावर १२० वॉट लिहिलं असेल तर तो १० अँपिअर. १५० वॉटचा इन्व्हर्टर पूर्ण भाराला साडेबारा आणि वरचं नुकसान धरून १४ अँपिअरच्या घरात जातो. तो अशा सॉकेटवर चालवायचाच नाही, त्याला बॅटरीपासून स्वतःची जाड वायर लागते.

फक्त मोबाइल आणि डॅशकॅमसाठी यूएसबी सॉकेट हवं असेल, म्हणजे भार पाच अँपिअरच्या आत असेल, तर गाडीच्या आतल्या फ्यूज बॉक्समधून फ्यूज टॅप (मूळ फ्यूजच्या जागी बसून नव्या वायरीला वेगळ्या फ्यूजची वाट देणारा जोड) लावून वीज घेता येते. पंप किंवा लॅपटॉप चालवणारं गोल सॉकेट हवं असेल तर बॅटरीपासून थेट वायर आणि मध्ये रिले (थोड्या विजेने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच), हाच रस्ता.

तिसरा रस्ता वायरमन लोक सर्रास वापरतात: जुन्या सॉकेटच्या मागच्या वायरी सोलून तिथेच जोड मारायचा. जुनं सॉकेट सहसा १५ अँपिअरच्या फ्यूजवर असतं आणि कधीकधी त्याच फ्यूजवर स्टिरिओही असतो. पंप आणि चार्जर एकदम लावले की फ्यूज उडतो, आणि मग कोणीतरी तिथे २०चा किंवा २५चा बसवतो. फ्यूज वायर वाचवण्यासाठी असतो. कंपनीने ती वायर जेवढ्या फ्यूजच्या हिशेबाने दिली आहे, त्याहून मोठा फ्यूज टाकला तर फ्यूजच्या आधी वायर तापते, आणि तीही डॅशच्या आत, कार्पेट आणि प्लास्टिकच्या मध्ये. दुसरी अडचण कमी लोकांच्या लक्षात येते. १५च्या फ्यूजवरून बारीक ०.७५ चौरस मिलिमीटरची फांदी काढली, तर त्या फांदीत शॉर्ट झाल्यावर ती वायर १५चा फ्यूज उडेपर्यंत जळत राहते. फांदी काढायचीच असेल तर तिच्या सुरुवातीलाच तिचा स्वतःचा फ्यूज हवा.

वायर आणि बाकीचं सामान

१० अँपिअरच्या सॉकेटला २.५ चौरस मिलिमीटरची मल्टिस्ट्रँड तांब्याची ऑटो वायर घ्या. २.५ची तांब्याची वायर मीटरला साधारण ०.००८ ओहम रोध देते. बॅटरीपासून सॉकेटपर्यंत तीन मीटर आणि अर्थचा एक मीटर, असे चार मीटर धरले तर १० अँपिअरला सुमारे ०.३ व्होल्ट पडतो. हेच ०.७५च्या वायरने केलं तर एक व्होल्टहून जास्त पडतो. पंप रडतखडत चालतो आणि वायर हाताला गरम लागते. पाच अँपिअरच्या आतल्या यूएसबीला एक चौरस मिलिमीटरची वायर पुरे.

घरातल्या फिटिंगची उरलेली वायर बोनेटखाली वापरू नका. तिचं साधं पीव्हीसी इन्सुलेशन ७० अंशांपर्यंतचं असतं. इंजिनाजवळ ते मऊ पडतं, तेल लागलं की फुगतं. स्वस्त ऑटो वायरीत तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियमही निघतं. वायर कापून टोक बघा: बाहेरून लालसर आणि कापल्या जागी पांढरट असेल तर ती परत करा.

बाकी सामान: सॉकेट (मागे नट असलेलं, झाकणाचं), काचेच्या नव्हे, ब्लेड (चपट्या पायांच्या) फ्यूजचा इनलाइन होल्डर, चार पिनचा ४० अँपिअरचा रिले आणि त्याचा बेस, गाडीच्या फ्यूजच्या मापाचा फ्यूज टॅप, ६.३ मिलिमीटरची चपटी थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवायची धातूची टोपी) आणि ६ व ८ मिलिमीटर छिद्राची गोल थिंबल, हीट श्रिंक स्लीव्ह, चिरलेली नालीदार स्लीव्ह, कापडी हार्नेस टेप, केबल टाय. हत्यारांत मल्टिमीटर, थिंबल दाबायची खरी क्रिम्पिंग पक्कड, दहाचा पाना, प्लास्टिकच्या पट्ट्या आणि २८ मिलिमीटरचा होल सॉ. मल्टिमीटर नसेल तर काम सुरूच करू नका. साधी काळी इन्सुलेशन टेप जोडांसाठी घेऊ नका. उन्हात उभ्या गाडीत तिचा डिंक वितळतो आणि महिन्याभरात टेप सुटून लोंबते.

ट्रक, बस किंवा २४ व्होल्टच्या टेम्पोत हेच काम करायचं असेल तर रिले २४ व्होल्टच्या कॉइलचा आणि चार्जर १२-२४ व्होल्ट चालणारा हवा.

जागा आणि भोक

एअरबॅगच्या झाकणावर, त्याच्या आसपास, किंवा ड्रायव्हरच्या गुडघ्यासमोर सॉकेट नको. गिअर लिव्हरच्या पुढचा खालचा भाग किंवा सेंटर कन्सोलची बाजू बरी. लिव्हर पहिल्या आणि तिसऱ्या गिअरला टाकून बघा, पिन लावल्यावर ती हाताला लागता कामा नये. पॅनलच्या मागे निदान ७० मिलिमीटर मोकळी जागा हवी, कारण सॉकेटच्या लांबीनंतर थिंबल आणि वायरीचा वळसा येतो. सेंटर कन्सोलच्या मागे बऱ्याच गाड्यांत हीटरचा डबा आणि हवेच्या नळ्या असतात. न बघता ड्रिल आत गेलं तर नळीला भोक पडतं.

म्हणून पॅनल काढूनच भोक पाडा. स्क्रू कुठे लपलेत ते आधी शोधा: ते बहुधा रबरी मॅटखाली किंवा छोट्या झाकणाआड असतात. मग प्लास्टिकच्या पट्टीने क्लिपांच्या अगदी जवळ जोर द्या. पेचकस घातला तर काठावर वण राहतो. थंडीच्या सकाळी प्लास्टिक ठिसूळ असतं, थोडी उन्हात तापलेली गाडी सोपी जाते.

पॅनलच्या पुढच्या बाजूला मास्किंग टेप लावून मध्य आखा, ३ मिलिमीटरचं छिद्र पाडा, मग होल सॉ हळू फिरवा. वेगाने फिरवलं की प्लास्टिक कापलं जात नाही, वितळून दातांना चिकटतं. बहुतेक गोल सॉकेटना २८ ते २९ मिलिमीटरचं भोक लागतं. २८चं पाडून अर्धगोल कानशीने जेमतेम बसेल इतकं वाढवा. मोठं झालेलं भोक लहान होत नाही, आणि सैल सॉकेट पिन काढताना वायरीसकट फिरतं. सॉकेटच्या अंगावर उभी कड असेल तर तिच्यासाठी भोकाला खाच पाडा, ती फिरणं थांबवण्यासाठीच दिलेली असते.

काम सुरू करण्याआधी

गाडी बंद, चावी बाहेर, आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून बाजूला बांधा. आधी निगेटिव्हच, कारण पॉझिटिव्ह सोडवताना पाना बॉडीला लागला तर ठिणगी उडते. एअरबॅगच्या कपॅसिटरमधला चार्ज ओसरायला निदान पाच मिनिटं थांबा, गाडीच्या पुस्तकात याहून जास्त वेळ सांगितला असेल तर तेवढा. काही स्टिरिओंना नंतर कोड लागतो, तो हाताशी ठेवा. पिवळ्या वेष्टनातल्या वायरी एअरबॅगच्या असतात. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांत नारिंगी म्हणजे उच्च दाबाच्या. दोन्हींना हात नाही. इलेक्ट्रिक गाडीतही १२ व्होल्टची छोटी बॅटरी असते, सॉकेटचं काम तिच्यावरच करायचं.

टॅक्सीत एआयएस-१४० या सरकारी मानकाचं ट्रॅकिंग यंत्र आणि पॅनिक बटण असतं. त्यांच्या वायरीतून किंवा फ्यूजमधून वीज घेऊ नका. सीएनजी किटच्या कंट्रोलरच्या लाइनलाही हाच नियम.

फ्यूज टॅप, यूएसबीसाठी

आधी कोणता फ्यूज हे शोधा. या तपासणीपुरती बॅटरी परत जोडा. चावी एसीसीला (इंजिन बंद, पण स्टिरिओ चालू होतो त्या जागी) फिरवल्यावर १२ व्होल्ट येणारा आणि चावी काढल्यावर शून्य होणारा फ्यूज हवा: सॉकेटचा किंवा स्टिरिओच्या एसीसीचा. एअरबॅग, एबीएस, इंजिन कंट्रोलर, फ्युएल पंप, स्टिअरिंग आणि हेडलाइट यांचे फ्यूज वर्ज्य.

टॅप त्याच मापाचा हवा. मिनी, लो-प्रोफाइल मिनी, मायक्रो आणि रेग्युलर ही मापं दिसायला जवळची असली तरी चुकीचा टॅप खाच रुंद करून ठेवतो, आणि मग मूळ फ्यूजही सैल बसतो.

इथली एक चूक फार होते: टॅप उलटा लावणं. मूळ फ्यूज काढा, चावी एसीसीला ठेवा आणि दोन्ही खाचांत मीटरची टोकं लावून बघा. जिथे १२ व्होल्ट येतात ती पुरवठ्याची बाजू. आता टॅप हातात घ्या, त्यात एकही फ्यूज नको. त्याला दोन पाय असतात. नव्या फ्यूजच्या जागेत दोन टोकं दिसतात, त्यातलं एक बाहेरच्या वायरीला जोडलेलं असतं. उरलेलं दुसरं टोक कोणत्या पायाशी जोडलेलं आहे ते मीटरच्या बीपवर शोधा. तो पाय पुरवठ्याच्या खाचेत जायला हवा. उलटा लावला तरी सॉकेट चालतं, म्हणूनच चूक कळत नाही. पण तेव्हा नव्या सॉकेटचा प्रवाहही मूळ फ्यूजमधून जातो, आणि एखाद्या दिवशी स्टिरिओ आणि सॉकेट दोन्ही एकदम बंद पडतात.

बॅटरी पुन्हा सोडवून टॅप बसवा. मूळ फ्यूज मूळ जागेत, नव्या जागेत पाचचा. फ्यूज बॉक्सचं झाकण लागत नसेल तर लो-प्रोफाइल टॅप घ्या, झाकण उघडं ठेवू नका.

रिलेचा रस्ता, पंप आणि लॅपटॉपसाठी

बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून गोल थिंबलने २.५ची वायर घ्या आणि १५-२० सेंटिमीटरच्या आत फ्यूज होल्डर बसवा. फ्यूज आणि बॅटरीमधला तुकडा कोणीच सांभाळत नाही. तो बॉडीला घासला तर बॅटरी शेकडो अँपिअर ओतते, म्हणून तो आखूड ठेवायचा आणि स्लीव्हमध्ये घालायचा. फ्यूज किती? वायर आणि सॉकेट यांच्यात ज्याची क्षमता कमी, तेवढा. सॉकेटवर १० अँपिअर लिहिलं असेल तर लाल, १० चा. १५ चं सॉकेट असेल तर निळा, १५ चा. पंप सुरू करताना १० चा उडत असेल तर फ्यूज वाढवू नका, १५ चं सॉकेट आणा.

इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला नवीन भोक पाडायची गरज क्वचितच येते. मूळ हार्नेस (कंपनीच्या वायरींचा जुडगा) जिथून आत येतो तिथल्या रबरी ग्रोमेटला (भोकातल्या बुचाला) बारीक छिद्र करा, जीआय तार आतून बाहेर ढकला, तिच्या टोकाला वायर टेपने बांधून ओढा. तार ढकलताना टोकाला टेप गुंडाळा, नाहीतर ते मूळ वायरीचं इन्सुलेशन सोलतं. वायर बाहेरच्या बाजूला थोडी खाली झुकवून मग वर आत न्या, म्हणजे पावसाचं पाणी तिच्यावरून ओघळून केबिनमध्ये येत नाही. छिद्राभोवती न्यूट्रल सिलिकॉन लावा. कोकणातल्या पावसात हे छिद्र उघडं राहिलं तर कार्पेटखाली पाणी साचतं आणि त्याचा पत्ता वास यायला लागल्यावरच लागतो.

आत वायर पेडलपासून आणि स्टिअरिंगच्या दांड्यापासून लांब, मूळ हार्नेसच्या सोबतीने न्या. दर १५-२० सेंटिमीटरला केबल टाय. क्लच पूर्ण दाबून आणि स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून काही अडकत नाही ना ते बघा.

रिले केबिनमध्ये, डॅशखाली लावा, म्हणजे तो कोरडा राहतो. पिनांवरचे आकडे वाचा: ३० ला बॅटरीची वायर, ८७ वरून सॉकेटच्या पॉझिटिव्हला, ८६ ला फ्यूज टॅपची वायर, ८५ अर्थला. कॉइल अँपिअरच्या पाचव्या भागाएवढीही वीज घेत नाही, म्हणून टॅपमध्ये ३ चा जांभळा फ्यूज पुरतो. रिलेत डायोड असेल तर ८६ पॉझिटिव्ह आणि ८५ निगेटिव्ह हा क्रम पाळावाच लागतो. पाच पिनचा रिले हाती आला तर ८७ए मोकळी ठेवून झाका. तिथे सॉकेट लावलं तर गाडी बंद असताना वीज येते आणि चालू केली की जाते, म्हणजे नेमकं उलट.

अर्थ आणि जोड

अर्थसाठी डॅशच्या बाजूच्या पत्र्यातला कंपनीचा बोल्ट शोधा. प्लास्टिकच्या आधारातला स्क्रू चालत नाही. बोल्टखालचा रंग पॉलिश पेपरने घासून चकचकीत पत्रा काढा, गोल थिंबल बसवून घट्ट आवळा आणि वरून थोडं व्हॅसलीन लावा म्हणजे गंज धरत नाही. एअरबॅगच्या मॉड्युलचा अर्थ बोल्ट सोडून द्या. अर्थची वायर पॉझिटिव्हच्याच जाडीची. बॅटरीच्या निगेटिव्ह पोलवर थेट अर्थ घेऊ नका: स्टार्ट-स्टॉप (सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू होणं) असलेल्या गाड्यांत तिथे प्रवाह मोजणारा सेन्सर असतो आणि थेट जोडलेला भार त्याच्या हिशेबात येत नाही.

थिंबल दाबल्यावर वायर जोरात ओढून बघा. निघाली तर परत करा. साध्या पक्कडीने चेपलेलं थिंबल दिसायला बसलेलं असतं, पण आत तारा मोकळ्या असतात. अशा ढिल्या जोडात ०.१ ओहम जरी रोध राहिला तरी १० अँपिअरला तिथे १० वॉट उष्णता तयार होते. सॉकेटच्या मागचं प्लास्टिक वितळायला तेवढी पुरते. सॉकेटच्या तळातली मधली पिन पॉझिटिव्ह, कडेची निगेटिव्ह. न सोलता चिमटा मारून जोडणारे निळे-लाल कनेक्टर वायरीच्या काही तारा कापतात आणि हादऱ्यांनी सैल होतात. ते या कामात नकोत.

तपासणी

पॅनल बंद करण्याआधी बॅटरी जोडा. सॉकेटमध्ये काहीही लावण्याआधी मीटर: चावी काढलेली असताना शून्य, एसीसीला १२ च्या वर, इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४. मीटरवर उणे चिन्ह दिसलं तर वायरी उलट्या आहेत. तशात चार्जर लावला तर तो गेला.

मग भार. पंप पाच मिनिटं चालवा आणि इंजिन चालू असतानाच बॅटरीच्या पोलवर व सॉकेटवर व्होल्टेज मोजा. फरक अर्ध्या व्होल्टच्या आत हवा. जास्त असेल तर मीटरचं एक टोक सॉकेटच्या निगेटिव्हला आणि दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला लावा. तिथे ०.२ च्या वर दिसलं तर अर्थ कच्चा आहे, नाहीतर दोष पॉझिटिव्ह बाजूला. पंप नसेल तर ६०/५५ वॉटचा जुना एच-४ बल्ब उपयोगी पडतो: एक फिलामेंट पाचेक अँपिअर, दोन्ही मिळून साडेनऊच्या आसपास. काच भयंकर तापते, तो सीटवर किंवा कार्पेटवर टेकवू नका आणि दोन मिनिटांत काढा. लगेच फ्यूज होल्डर, रिले आणि सॉकेटची थिंबल बोटाने चाचपा. कोमट ठीक, बोट टेकवत नसेल तर जोड परत.

चावी काढल्यावरही सॉकेट चालू राहावं असं काहींना वाटतं. हिशेब करा: व्होल्टमीटरचा दिवा असलेलं सॉकेट २० मिलिअँपिअर खात असेल तर महिन्यात १४ अँपिअर-तास होतात. ३५ अँपिअर-तासाच्या बॅटरीचा तो दोन-पंचमांश. डॅशकॅमने ०.३ अँपिअर घेतले तर चार-पाच दिवसांत बॅटरी संपते. पार्किंगमध्ये कॅमेरा चालवायचा असेल तर कमी व्होल्टेजला आपोआप बंद करणारी हार्डवायर किट लावा, सॉकेट एसीसीवरच राहू द्या.

आठवड्याभराने अर्थचा बोल्ट आणि सॉकेटचा नट एकदा आवळा. फ्यूज बॉक्सच्या झाकणाच्या आत चिठ्ठी चिकटवा: जादा सॉकेटचा फ्यूज किती अँपिअरचा, कुठे बसवला, रिले कुठे आहे. पुढे सर्व्हिस सेंटरमध्ये कोणी ही लाइन शोधायला बसलं तर त्याला डॅश उघडावा लागणार नाही.